पोलादाच्या पोटातली उलथापालथ

ओएचएनएस पोलादाची ३ मिलिमीटर जाडीची पट्टी व्हाइसमध्ये पकडा आणि तिच्यावर साधी कानस चालवा. कानस चावते. राखाडी कीस खाली पडतो, पट्टीवर चकचकीत चर उठतो. आता हीच पट्टी ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा, कोमट तेलात बुडवा, बाहेर काढून पुसा आणि तीच कानस पुन्हा टेकवा. आता ती नुसती घसरते. नेट लावून रेटली तर कानशीचेच दात जातात. मधल्या काही सेकंदांत पट्टीत काही मिसळलेलं नाही, तिच्यातून काही काढून घेतलेलं नाही. लोखंड तेवढंच, कार्बन तेवढाच. तरीही तेलात गेली ती वस्तू वेगळी आणि बाहेर आली ती वेगळी.

रोज जवळ बाळगायचा छोटा चाकू हाताने घडवणारा कारागीर या काही सेकंदांसाठी आधीचे आणि नंतरचे सगळे तास राबतो. हाताची कला म्हटली की आपण आकार पाहतो, घोटाई पाहतो, मुठीचं लाकूड पाहतो. चाकूत हे सगळं असतं, पण त्याचा चाकूपणा अशा ठिकाणी ठरतो जिथे हात पोचत नाही आणि साधा डोळाही पोचत नाही. कारागिराचं मोजमाप मिलिमीटरचं, आणि त्याला जे घडवायचं ते मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या जगात. तिथे तो दोनच गोष्टी पाठवू शकतो, उष्णता आणि वेळ. एवढ्या दोन निरोपांवर तो अब्जावधी अणूंना हव्या त्या जागी बसवतो, याचं मला वाटणारं आश्चर्य जितकं कळत जातं तितकं वाढत जातं.

जवळ बाळगायचं धारेचं हत्यार आपल्याकडे नवं नाही. सुपारीच्या चंचीत अडकित्ता असे, माळ्याकडे कलमाचा चाकू, चांभाराकडे रापी. जगभर आता ज्याला ‘एव्हरीडे कॅरी’ म्हणतात तो चाकू याच घराण्यातला. पातं ७-८ सेंटिमीटरचं, मूठ चार बोटं मावतील एवढी. त्याने सुतळी कापायची, खोक्यावरची चिकटपट्टी चिरायची, पेरू कापायचा, पेन्सिल तासायची. घरगुती, शेतीच्या किंवा औद्योगिक कामाची नसलेली आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं भारतात शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतात. हा चाकू त्याहून कितीतरी लहान. तरी तो विमानाच्या केबिनमध्ये नेता येत नाही, आणि पोलिसांचा स्थानिक मनाई आदेश लागू असेल तेव्हा तोही पाळावा लागतो.

पेरू कापायला इतकं कठीण पोलाद कशाला, असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे. ओएचएनएस मुळात पेरूसाठी जन्मलेलं नाही, दुसरा धातू कापण्यासाठी जन्मलेलं आहे. ऑइल हार्डनिंग नॉन-श्रिंकिंग या लांबलचक नावाची ही आद्याक्षरं पुण्याच्या भोसरी-चिंचवड पट्ट्यात टूलरूममध्ये काम केलेल्या माणसाच्या तोंडी असतात. अमेरिकेत याच पोलादाला ओ-वन म्हणतात. पत्र्याला भोकं पाडणारे पंच, डाय, मोजमापाचे गेज अशा गोष्टी त्यातून होतात. त्यात साधारण ०.९ टक्के कार्बन, १ टक्क्याहून थोडं जास्त मँगनीज, अर्धा-अर्धा टक्का क्रोमियम आणि टंगस्टन, जराशी व्हॅनेडियमची चिमूट, आणि बाकी सगळं लोखंड. दिवसभर पत्रा तोडूनही ज्याची कड टिकते, त्याच्या धारेवर सुतळीचा आणि पुठ्ठ्याचा काय टिकाव लागणार? पुठ्ठा मात्र दिसतो तितका गरीब नसतो. कागदात भरलेली खनिज पूड आणि धूळ धारेला सतत घासत असते, आणि साध्या मऊ चाकूची धार चार खोकी फोडल्यावर का जाते याचं उत्तर त्या पुडीत आहे.

याहून झिजेला दाद न देणारं पोलाद हवं असेल तर डी-टू आहे, ज्याला आपल्या टूलरूममध्ये एचसीएचसीआर म्हणतात. त्यात दीड टक्का कार्बन आणि सुमारे १२ टक्के क्रोमियम. या दोघांच्या संयोगाने पोलादाच्या पोटात क्रोमियम कार्बाइडचे कण तयार होतात, आणि ते भोवतालच्या कठीण केलेल्या पोलादाच्याही जवळपास दुप्पट कठीण असतात. अशी धार महिनोन् महिने टिकते, पण ती लावताना सहाणेचा आणि माणसाचा दोघांचाही कस लागतो. शिवाय डी-टूला हजार अंशांच्या वरचं काटेकोर तापमान लागतं, आणि भट्टीत हवा लागू नये म्हणून पातं पातळ स्टेनलेस पत्र्याच्या पाकिटात बंद करावं लागतं. माझं स्पष्ट मत असं की हाताने घडवायच्या पहिल्या चाकूला ओएचएनएससारखं पोलाद नाही. त्याच्याशी डोळ्यांनी, चुंबकाने आणि कानशीने बोलता येतं.

आकार देण्याचं काम मेहनतीचं आहे, पण त्यात गूढ नाही. कागदावर काढलेली आकृती पट्टीवर चिकटवायची, हॅकसॉने कापायची, कानशीने किंवा बेल्ट ग्राइंडरने कड गुळगुळीत करायची. मुठीतल्या पिनांची भोकं आत्ताच पाडून घ्यायची, कारण कठीण झाल्यावर या पोलादात साधा ड्रिल शिरणार नाही. धार जिथे यायची त्या कडेवर निळी शाई फासतात, पट्टी आणि पट्टीच्याच जाडीचं ड्रिल सपाट फरशीवर आडवं ठेवतात आणि ड्रिलच्या टोकाने कडेवर ओरखडा ओढतात. टोक नेमकं मध्यावर असल्यामुळे आपोआप मध्यरेषा मिळते. या रेषेपर्यंत दोन्ही बाजूंनी उतार घासत आणायचा आणि कड साधारण अर्धा मिलिमीटर जाड ठेवून थांबायचं. याहून पातळ केली तर पुढच्या पायरीला ती लाटांसारखी वाकडी होते किंवा तडकते.

आणि मग भट्टी. इथे मात्र हात आखडता घेऊन चालणार नाही, कारण सगळं नवल इथेच आहे.

नेहमीच्या तापमानाला लोखंडाचे अणू असे बसलेले असतात की एका घनाच्या आठ कोपऱ्यांवर आठ आणि मधोमध एक. शुद्ध लोखंड तापवत नेलं तर ९१२ अंशांवर ते ही मांडणी मोडतं आणि दुसरी धरतं: आठ कोपऱ्यांवर आठ, आणि घनाच्या सहाही बाजूंच्या मध्यावर एकेक. फळवाला हातगाडीवर संत्र्यांचा जो मनोरा रचतो तो याच मांडणीचा. एकाच मापाचे गोळे याहून दाट रचताच येत नाहीत. म्हणजे तापल्यामुळे फुगत निघालेलं लोखंड या एका टप्प्यावर अचानक थोडं आक्रसतं.

खरं नवल पुढे आहे. पहिल्या, सैल मांडणीत मोकळी जागा एकूण जास्त असते, पण ती बारीक बारीक फटींमध्ये विखुरलेली. दुसऱ्या, दाट मांडणीत मोकळी जागा एकूण कमी, पण ती मोजक्या मोठ्या पोकळ्यांत गोळा झालेली. कार्बनच्या अणूला एकूण मोकळ्या जागेशी काही देणंघेणं नसतं, त्याला शिरायला एक पुरेशी पोकळी लागते. त्यामुळे सैल मांडणीत लोखंड फार तर ०.०२ टक्के कार्बन सामावून घेतं आणि दाट मांडणीत २ टक्क्यांपर्यंत. शंभर पटींचा फरक! आणि जे दाट, त्यातच जास्त माणसं मावतात हे कळल्यावरही मनाला पटायला वेळ लागतो.

कार्बन मिसळलेला असला की हा बदल आणखी खाली, ७२७ अंशांपासून सुरू होतो. ८०० अंशांवर ओएचएनएसच्या पात्यात अणूंची दाट मांडणी तयार झालेली असते आणि बहुतेक कार्बन तिच्या पोकळ्यांत पसरलेला असतो. या अवस्थेला इंग्रज धातुशास्त्रज्ञ विल्यम रॉबर्ट्स-ऑस्टेन यांच्या नावावरून ऑस्टेनाइट म्हणतात. कार्बनला नीट पसरायला थोडा अवधी द्यावा लागतो, म्हणून पातं या तापमानाला काही मिनिटं धरून ठेवतात. मोह होतो आणखी तापवण्याचा, पण तो घातक. तापमान वाढलं की पोलादातले स्फटिकांचे कण एकमेकांना गिळून मोठे होतात, आणि मोठ्या कणांचं पातं काडकन तुटतं.

हा बदल डोळ्यांनी पाहता येतो, हे मला कळलं तेव्हा विश्वास बसला नव्हता. भट्टीची जागा अंधारी करायची आणि पातं हळूहळू तापू द्यायचं. पातं लाल होतं, आणि मग त्या लालीत सावल्या फिरू लागतात. मांडणी बदलायला उष्णता लागते. जिथे बदल चाललेला असतो तिथे पोलाद आलेली उष्णता पिऊन टाकतं, तो भाग तेवढ्यापुरता मागे राहतो आणि काळसर दिसतो. सावली पाठीकडे, मुठीकडे सरकत सरकत निघून जाते आणि पातं एकसारखं उजळतं. पातं निवताना याच्या उलट होतं, मांडणी परत फिरताना उष्णता बाहेर टाकली जाते आणि मावळत चाललेली लाली क्षणभर पुन्हा पेटते. तापलेली तार निवताना मध्येच हिसका देते हे जॉर्ज गोर यांनी १८६९ मध्ये नोंदलं होतं, आणि हे पुन्हा उजळणं विल्यम बॅरेट यांनी १८७३ मध्ये शास्त्राच्या भाषेत आणलं. भट्टीशी बसणाऱ्यांनी ते त्याच्या कितीतरी आधीपासून पाहिलेलं असणार.

दुसरी खूण चुंबकाची. लोखंड फार तर ७७० अंशांपर्यंत चुंबकाला चिकटतं, आणि ऑस्टेनाइट तर चिकटतच नाही. पात्याला चुंबक टेकवत राहायचं. चिकटायचं थांबलं की त्याहून एक छटा उजळ लाली येऊ द्यायची आणि तिथे थांबायचं. डिजिटल भट्टी असणाऱ्याला याची गरज नाही, पण ज्याने एकदा चुंबकाला पात्यावरून निसटताना पाहिलं, त्याला ऑस्टेनाइट हा शब्द पाठ करावा लागत नाही.

अंधाराचा हा उपयोग जुना आहे, आणि त्याची एक गोष्ट मुंबईतून सुरू होते. मुंबईत राहणारे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९० च्या दशकात लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे ‘वूट्झ’चे नमुने पाठवले. हे दख्खनमध्ये आणि दक्षिण भारतात मुशीत गाळलं जाणारं पोलाद. त्यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास. युरोपातल्या लोहारांनी ते आपल्या सवयीप्रमाणे लालभडक तापवून ठोकलं की ते भुगा होऊन पडे. जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या कारागिराने मात्र बँक्स यांच्या सांगण्यावरून त्याचा एक लेखणी तासायचा चाकू घडवला, आणि तो घडवताना अंधारात जेमतेम दिसेल एवढीच लाली ठेवली. त्याची धार उत्तमातल्या उत्तम पोलादाच्या तोडीची निघाली. जॉर्ज पिअरसन यांनी १७९५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात हे नोंदलेलं आहे. म्हणजे मुंबईहून निघालेल्या पोलादाची विलायतेत जी गाजलेली वस्तू बनली, ती तलवार नव्हती; तो खिशातला चाकू होता.

पुढे याच स्टोडार्टबरोबर १८१९ पासून मायकेल फॅरडे कामाला लागले. हे फॅरडे म्हणजे विजेचे फॅरडे, आणि एका लोहाराचे चिरंजीव. वूट्झचं रहस्य शोधताना दोघांनी पोलादात क्रोमियमपासून चांदी-प्लॅटिनमपर्यंत नाना धातू मिसळून पाहिले. त्या मिश्रधातूंचा तेव्हा मोठा व्यापार झाला नाही, पण पोलादात दुसरं काही मिसळलं तर त्याचा स्वभाव बदलतो, हा विचार रुजला. १८६८ मध्ये रॉबर्ट मशेट यांनी टंगस्टन आणि मँगनीज घालून असं पोलाद काढलं जे नुसत्या हवेत निवतानाच कठीण होई. आज टूलरूममध्ये जी पोलादं वापरतात ती या वाटेने आली.

आता आपलं पातं ८०० अंशांवर आहे. ते भट्टीतच सावकाश निवू दिलं तर अणू पुन्हा सैल मांडणीत जातील, कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळेल, तो लोखंडाशी संयोग पावून वेगळे थर करून बसेल आणि आपली मऊ पट्टी परत मिळेल. म्हणून त्याला वेळच द्यायचा नाही. पातं ५०-६० अंशांच्या तेलात धार खाली धरून सरळ बुडवायचं. आडवं हलवलं तर एक बाजू आधी निवते आणि पातं त्या बाजूला वळतं. तेल आधी कोमट करण्याचं कारणही पाहण्यासारखं आहे: थंड तेल दाट असतं आणि पात्याभोवती नीट खेळत नाही, कोमट तेल पातळ, म्हणून ते जास्त वेगाने उष्णता ओढतं. पहिल्या क्षणी पात्याभोवती तेलाच्या वाफेचं आवरण तयार होतं आणि तेच निवण्याला अडवतं, म्हणून पातं पुढे-मागे हलवून ते फोडत राहायचं. भडका उडू शकतो. जवळ झाकण हवं, आणि पाणी अजिबात नको.

साध्या कार्बन पोलादाला हा कार्बन अडकवायचा तर जेमतेम एक सेकंद मिळतो. ओएचएनएसमधलं मँगनीज, क्रोमियम आणि टंगस्टन कार्बनच्या पळापळीला खीळ घालतात, म्हणून तिथे काही सेकंदांची उसंत असते. या उसंतीमुळेच पाण्याचा जबर तडाखा द्यावा लागत नाही, तेल पुरतं, आणि पातं कमी वाकतं.

तापमान दोनशे अंशांच्या आसपास उतरलं की पोलादाला आता सैल मांडणीत जायचंच असतं, पण कार्बन पोकळ्यांत अडकून पडलेला असतो. तेव्हा अणू एकेक करून जागा बदलत नाहीत. अख्खीच्या अख्खी रांग एकदम, शिस्तीत कलते. हा बदल स्फटिकातून सेकंदाला किलोमीटरच्या घरातल्या वेगाने धावतो. मधे सापडलेल्या कार्बनमुळे घन एका बाजूने ताणला जातो, चौकोनी ठोकळ्यासारखा लांबट होतो. हा ताणलेला, अवघडलेला स्फटिक म्हणजे मार्टेन्साइट. १८९५ मध्ये फ्लोरिस ऑस्मों या फ्रेंच शास्त्रज्ञाने बर्लिनच्या अडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून त्याला हे नाव दिलं. पोलादाचा कठीणपणा या अवघडलेपणातून येतो. वाकायचं म्हणजे अणूंचे थर एकमेकांवरून सरकले पाहिजेत, आणि इथे प्रत्येक थर ताणाने इतका वाकडातिकडा झालेला असतो की सरकायला वाट उरत नाही.

मार्टेन्साइट ऑस्टेनाइटपेक्षा सुमारे ४ टक्के जास्त जागा घेतं. जपानी तलवारीचा डौलदार बाक बराचसा या फुगण्यातून येतो. तिच्या पाठीवर मातीचा जाड लेप असतो, म्हणून पाठ सावकाश निवते आणि मऊ राहते. उघडी धार झटकन निवते, कठीण होते, फुगते, आणि तलवार पाठीकडे वळते.

छोट्या चाकूच्या कारागिराला याच क्षणी एक विलक्षण संधी मिळते. तेलातून काढलेलं पातं दोनशे अंशांच्या आसपास असताना अजून बरंचसं ऑस्टेनाइटच असतं, म्हणजे मऊच. जाड हातमोजे घालून, पाठीवरून नजर टाकून, वाकलेलं असेल तर ते हाताने सरळ करता येतं. काही सेकंद ते हातांचं ऐकतं, मग हळूहळू ताठरू लागतं, आणि हाताला जाणवतं की आता थांबायला हवं. पोलाद आपल्या हातांत असताना आपला स्वभाव बदलतं, आणि तो बदल बोटांना कळतो. चाकू घडवण्याच्या सगळ्या कामात याहून थेट अनुभव नाही.

निवलेल्या पात्यावर कानस घसरली की पहिली परीक्षा झाली. आकडा हवा असेल तर रॉकवेल यंत्र आहे. हिऱ्याचा १२० अंशांचा शंकू १५० किलोच्या भाराने पोलादात रुततो आणि किती खोल गेला ते यंत्र मोजतं. शंभरातून दर ०.००२ मिलिमीटर खोलीमागे एक गुण वजा होतो. म्हणजे ६० आकडा आला तर दीडशे किलोच्या भाराखाली हिऱ्याचं टोक ०.०८ मिलिमीटर रुतलं. एका केसाच्या जाडीएवढं.

नुकतंच कठीण झालेलं पातं ६४-६५ दाखवतं, आणि तेव्हा ते सर्वांत निरुपयोगी असतं. फरशीवर पडलं तर दोन तुकडे. म्हणून कमावलेला कठीणपणा थोडा परत द्यावा लागतो. पातं लगोलग, हातात धरण्याइतकं निवताच, साधारण २०० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवतात, निववतात, आणि पुन्हा दोन तास ठेवतात. या उष्णतेत अडकलेल्या कार्बनपैकी थोडा हलतो, अतिसूक्ष्म कार्बाइड कण बनून बसतो, आणि ताण सैलावतो. आकडा ६०-६१ वर येतो. चार गुण गेले, पण त्यांच्या बदल्यात चिवटपणा आला. दुसरी फेरी वाया जात नाही: पहिल्या फेरीनंतर निवताना उरल्यासुरल्या ऑस्टेनाइटचं जे नवं, ठिसूळ मार्टेन्साइट झालेलं असतं त्यालाही निवांत करावं लागतं.

घासून चकचकीत केलेलं पातं या वेळी रंग दाखवतं. २००-२२० अंशांना फिका गव्हाळ, २५० च्या पुढे तपकिरी, मग जांभळा, ३०० च्या सुमाराला निळा. पृष्ठभागावर चढणारा ऑक्साइडचा थर काही दशक नॅनोमीटर जाडीचा असतो आणि वरून व खालून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून हे रंग उमटतात. थर्मामीटर नसलेल्या शतकांमध्ये लोहारांनी रंगांच्या या पट्टीवर काम केलं. छन्नीला जांभळा, स्प्रिंगला निळा, चाकूला गव्हाळ. पुढच्या घासकामातही ही पट्टी कामाची. ग्राइंडरवर पातळ धार तापून निळी पडली, तर तेवढ्या जागचा कठीणपणा गेला, आणि तो नुसत्या घासण्याने परत येत नाही. म्हणून मोजे न घालता, उघड्या बोटांनी पातं धरायचं आणि चटका बसायच्या आत पाण्यात बुडवायचं.

मूठ बसवणं, पिना ठोकणं, चामड्याचं म्यान शिवणं, ही सुंदर आणि सावकाशीची कामं. शिसवाच्या दोन फळ्या, पितळी पिना आणि इपॉक्सी एवढ्यात भागतं. हाताला रुतेल अशी एकही कड राहू द्यायची नाही, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ.

धार म्हणजे दोन उतारांची भेट. दोन्ही बाजूंना १५ ते २० अंशांचा कोन धरून सहाणेवर घासायचं, एका बाजूला बारीक लव उठली की बाजू बदलायची, आणि शेवटी चामड्यावर फिरवून ती लव काढायची. चांगल्या धारेची रुंदी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी किंवा त्याहून कमी असते. समजा ती बरोबर एक हजारांश मिलिमीटर आहे आणि तिचा एक सेंटिमीटर भाग पेरूला टेकला आहे. किलोभर जोराने दाबलं तर त्या रेषेवर हवेच्या दाबाच्या सुमारे दहा हजार पट दाब येतो. हा दाब पेरू तर सोसू शकत नाहीच. तो सोसायचा आहे धारेने. लोखंडाच्या अणूंच्या चार-पाच हजार रांगांएवढी रुंदी, आणि तिने दुमडायचं नाही की तुटायचं नाही. भट्टीतला सगळा खटाटोप या रेषेसाठी होता.

ती परीक्षा पितळी सळईवर घेतात. सळई आडवी पकडून धार तिच्यावर कामाच्या कोनात टेकवायची आणि दाबायची. उजेडात नीट पाहिलं तर धार वाकताना दिसते. दाब काढल्यावर ती सरळ झाली तर सगळं जमलं. कपचा उडाला तर पातं जास्त कठीण राहिलं, आणि वाकून तशीच राहिली तर जास्त मऊ झालं. शेकडो अंशांचे आकडे, कार्बनची टक्केवारी, तेलाची निवड, या सगळ्याचा निकाल त्या इवल्याशा वाकण्यात कळतो.

इतकी जपलेली धारही शेवटी जाते, आणि ती कशाने जाते यावर अजून शोध चालू आहे. २०२० मध्ये एमआयटीमधल्या संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवलं की पोलादाहून पन्नास पटींनी मऊ असलेला माणसाचा केस दाढीच्या पात्याच्या धारेचा कपचा उडवू शकतो. त्यासाठी केस विशिष्ट कोनात वाकलेला हवा आणि धारेच्या त्या जागी पोलादाची आतली रचना सारखी नसायला हवी. कठीण कण आणि मऊ कण जिथे शेजारी येतात तिथे ताण साठतो आणि तडा सुरू होतो. म्हणजे भट्टीत काही अंश इकडे तिकडे झाले, कणांचा आकार असमान राहिला, तर त्याचा हिशेब एखादा केसही मागू शकतो.

ओएचएनएस स्टेनलेस नाही. कोकणातल्या पावसाळ्यात ते दोन दिवस तसंच ठेवलं तर तांबूस ठिपके धरतं. वापरल्यावर पुसायचं आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, एवढं केलं की पुरतं. मात्र कैरी, केळफूल, कांदा कापत गेलं की पात्यावर राखाडी-निळी झाक चढते, काही ठिकाणी काळे पट्टे येतात. लोखंडी विळीच्या पात्यावर घरोघरी पाहिलेली हीच ती झाक. केळफुलातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळं संयुग बनवतं, आणि हिरडा व लोखंड एकत्र करून कापडावर काळा रंग चढवणारे रंगारीही नेमकं हेच संयुग वापरत आले. ही झाक घासून काढू नये. ती पातळ असली तरी लाल गंजाला बरीच अडवते, आणि काय काय कापलं त्याप्रमाणे दर चाकूवर वेगळी पडते.